शब्द कळेल इतकाच इको

माईकला इको किती द्यायचा, हे सहसा कुणी ठरवतच नाही. कसारा, खर्डी, डोळखांब, किन्हवली, सरळगाव, टोकावडे अशा शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांमध्ये हळद असो, अखंड हरिनाम सप्ताह असो की गावदेवीची जत्रा, मंडपवाल्यासोबत साउंडवाला येतो आणि साउंडवाल्याच्या मिक्सरवर इको आधीपासूनच चढलेला असतो. मग गायक म्हणतो ‘इको वाढव’ आणि तो आणखी चढतो. कीर्तनकार अभंगाचा अर्थ सांगत असतात, तेव्हा त्यांच्या प्रत्येक वाक्याचे शेपूट पुढच्या वाक्यात घुसलेले असते. मांडवाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्या माणसांना सूर ऐकू येतो, टाळ ऐकू येतात, पण बुवा काय म्हणाले ते कळत नाही. माझे म्हणणे साधे आहे. इकोचे प्रमाण गायकाच्या हौसेने न ठरता शेवटच्या रांगेतल्या श्रोत्याच्या कानाने ठरले पाहिजे. तसे ठरवले, तर गाण्यासाठी ते आजच्यापेक्षा पुष्कळ खाली येईल आणि बोलण्यासाठी शून्यावर. खेड्यात शब्द सार्वजनिकपणे ऐकण्याची जागा म्हणजे हाच मांडव. तिथे शब्दच पोचत नसेल, तर एवढ्या खर्चाने कर्णे लावून आपण साधतो काय?

आधी यंत्र समजून घेऊ. गिटारचा डिजिटल प्रोसेसर असो की मिक्सरमध्येच बसवलेला इफेक्ट, इकोचे, म्हणजे डिलेचे, तीन आकडे महत्त्वाचे. आवाज किती वेळाने परत यायचा, हा पहिला. किती वेळा परत यायचा, हा दुसरा. त्याला रिपीट किंवा फीडबॅक म्हणतात. तिसरा म्हणजे मिक्स, मूळ आवाजाच्या तुलनेत परतणारा आवाज किती मोठा. आपल्याकडे चर्चा झालीच तर पहिल्या दोन आकड्यांची होते, पण बिघाड जास्त करून तिसऱ्यात असतो. बऱ्याच प्रोसेसरवर मिक्स ५० ठेवला की मूळ आणि प्रतिध्वनी सारख्याच जोराचे होतात. साध्या सरळ पट्टीवर २५ ठेवला तर प्रतिध्वनी मूळच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे साडेनऊ डेसिबल खाली जातो. २० वर तो पाव उरतो, १२ डेसिबल खाली. १० वर एक नवमांश, १९ डेसिबल खाली. पण सगळ्या यंत्रांची पट्टी अशी नसते. काहींमध्ये मूळ आवाज तसाच राहतो आणि मिक्सचे बटण फक्त प्रतिध्वनी वाढवते. मिक्सरच्या इफेक्ट चॅनेलवर जोडलेल्या यंत्रात तर मिक्स पूर्ण १०० ठेवायचा असतो, कारण मूळ आवाज मिक्सरमधून आधीच पुढे गेलेला असतो. तिथे खरे मिक्स म्हणजे त्या चॅनेलचा फेडर. म्हणून एका यंत्रावरचा आकडा दुसऱ्या यंत्रावर उतरवून घेता येत नाही. आकडा कुठून सुरुवात करायची ते सांगतो, कुठे थांबायचे ते कानालाच ठरवावे लागते.

हे तंत्र आले कुठून तेही पाहण्यासारखे आहे. १९५४ साली मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स यांनी एल्विस प्रेस्लीचा आवाज दुसऱ्या टेप मशीनवरून किंचित उशिरा परत आणला. जगभर गाजलेला तो इको म्हणजे जवळपास एकच, आखूड पुनरावृत्ती होती. पुढे फिरत्या टेपच्या पेट्या आल्या. जपानच्या रोलँड कंपनीचा १९७४ चा स्पेस इको त्यातला सर्वांत नावाजलेला. फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९६९ साली निघालेल्या चिपमुळे टेपची गरज संपली आणि ऐंशीच्या दशकात डिजिटल डिले पायाखालच्या छोट्या डबीत मावला. आज आपल्याकडचा बेंजोवाला तोच गिटारचा इफेक्ट वापरतो. बेंजो मुळात जपानच्या नागोया शहरात १९१२ साली जन्मलेल्या ताइशोगोतोचा वंशज. टाइपरायटरसारख्या कळा, वर ताणलेल्या तारा, आणि आपल्या माणसांनी त्याला पिकअप बसवून ढोल-ताशाच्या तोडीला उभे केले. २०१६ साली रवी जाधव यांनी त्यावर चित्रपटच काढला. सांगायचे ते हे की इको आपल्याकडे परका नाही आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण यंत्र सोपे आणि स्वस्त होत गेले तशी त्यातली काटकसर सुटली. टेपच्या काळात प्रत्येक पुनरावृत्ती मिळवावी लागत असे. आता ती बटण फिरवताच हवी तितकी येते.

आता कानाकडे येऊ, कारण खरा पुरावा तिथे आहे. जर्मनीत हेल्मुट हास यांनी १९४९ साली दाखवून दिले की मूळ आवाजानंतर साधारण ३० मिलिसेकंदांच्या आत आलेला तोच आवाज कान वेगळा मोजत नाही. तो मूळ आवाजात मिसळून जातो, अगदी दहा डेसिबलने मोठा असला तरी. म्हणजे थोडासा उशीर कानाला खपतो, उलट आवाज भरीव वाटतो. पण आपल्या मांडवातला इको ३० मिलिसेकंदांचा नसतो, तो ३०० ते ५०० चा असतो. माणूस सर्वसाधारण गतीने बोलतो तेव्हा सेकंदाला पाच-सहा अक्षरे होतात, म्हणजे एका अक्षराला जेमतेम पावणेदोनशे मिलिसेकंद. ३५० मिलिसेकंदांनी परतणारे अक्षर बरोबर दोन अक्षरे पुढच्या जागी येऊन पडते. त्यातही स्वर मोठे आणि लांब असतात, व्यंजने बारीक आणि क्षणिक. परतणारा ‘आ’ पुढच्या ‘त’ला किंवा ‘क’ला सहज झाकून टाकतो. आणि शब्दाची ओळख तर व्यंजनांवरच असते: काळ की काल, माळ की माल, घडी की गडी, हे एवढ्याशा फरकावर ठरते. रिपीटही वाढवला असेल तर हिशेब आणखी बिघडतो. रिपीट ३० टक्के असला तर पहिल्या प्रतिध्वनीनंतर दोन फेऱ्यांतच आवाज त्याच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. तोच ७० टक्के केला की तेवढे खाली यायला सहा-सात फेऱ्या लागतात. ४०० मिलिसेकंदांचा डिले असेल तर अडीच सेकंद. तेवढ्या वेळात कीर्तनकार आणखी बारा-तेरा अक्षरे बोलून गेलेले असतात. वय वाढले की कानाची बारीक, उंच आवाज पकडण्याची ताकद कमी होते आणि व्यंजने आधी हरवतात. सप्ताहात पुढे बसलेला श्रोता बहुतेक साठीच्या पुढचा असतो. सर्वांत जास्त त्रास त्यालाच होतो आणि तक्रारही तोच सर्वांत कमी करतो. आपलेच कान गेले असे समजून गप्प बसतो.

बंद सभागृहात हे जेवढे खरे, त्याहून जास्त आपल्या भागात खरे आहे, कारण इथे इको फुकट मिळतो. गावात कर्णे एका जागी नसतात. एक मंदिरावर, एक चावडीपाशी, एक वाडीकडे तोंड करून खांबावर. विजेच्या तारेतून आवाज सगळ्या कर्ण्यांपर्यंत एकाच क्षणी पोचतो, पण हवेतून तो सेकंदाला साधारण ३४५ मीटर चालतो. घराजवळचा कर्णा २० मीटरवर आणि दुसरा १२० मीटरवर असेल, तर दुसऱ्याचा आवाज जवळपास ३०० मिलिसेकंद उशिरा येतो. म्हणजे बटणाला हातही न लावता त्या घराला पुरता डिले मिळाला. लांब फलाटावरची उद्घोषणा बिघडते ती याच कारणाने. त्यात कसाऱ्यासारखे थळ घाटाच्या पायथ्याचे गाव असेल, किंवा नाणेघाट-माळशेजच्या कड्याखालचे मुरबाडचे गाव असेल, तर डोंगरही बोलतो. कडा १७० मीटरवर असला की आवाज जाऊन यायला एक सेकंद लागतो. हे सगळे आधीच हवेत असताना यंत्रातून आणखी प्रतिध्वनी सोडला, की तोही प्रत्येक कर्ण्यातून वेगळ्या वेळी येतो आणि कड्यावरून पुन्हा परततो. मोठ्या कार्यक्रमांचे जाणकार डिलेचे हेच यंत्र नेमके उलट्या कामाला लावतात: लांबच्या स्पीकरला जाणारा आवाज मुद्दाम तेवढाच उशिरा सोडतात, म्हणजे जवळचा आणि लांबचा आवाज त्या जागी एकत्र पोचतो आणि प्रतिध्वनी मरतो. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीलाच असे केले गेले होते. आपल्याकडच्या अनेक डिजिटल मिक्सरमध्ये ही सोय असते. सप्ताहासाठी डिले वापरायचाच असेल, तर तो आधी इथे वापरावा.

यावर गायकांचा आक्षेप रास्त आहे आणि तो नीट ऐकला पाहिजे. इको नसला की आवाज उघडा पडल्यासारखा वाटतो, सूर किंचित हलला तरी कळतो, गळ्याला आधार उरत नाही. उघड्या मैदानात हे फार खरे आहे. भिंती नाहीत, छत नाही, आपलाच आवाज आपल्याला परत मिळत नाही. दिवसभर शेतात किंवा लोकलच्या प्रवासात थकून रात्री भजनाला उभ्या राहणाऱ्या माणसाला तो आधार हवासा वाटला तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. पण आधार गायकाला हवा आहे, श्रोत्याला नव्हे. मिक्सरवर मॉनिटरची वाट वेगळी असते. गायकाच्या पायाशी ठेवलेल्या स्पीकरला हवा तेवढा इको द्यावा, बाहेरच्या कर्ण्यांना देऊ नये. बहुतेक मिक्सरवर त्यासाठी एक बटण जास्त फिरवावे लागते, एवढाच खर्च. भजनात आणखी एक गोष्ट होते. बुवांच्या मागे टाळकरी उभे असतात, पखवाज शेजारी असतो, आणि हे सगळे बुवांच्या माईकमध्ये शिरते. इको फक्त आवाजाला लागतो असे आपण समजतो, तो प्रत्यक्षात दहा जोड टाळांनाही लागतो. ज्या टाळाने ठेका धरून ठेवायचा, त्याचाच प्रतिध्वनी ठेक्याच्या अधेमधे वाजू लागतो आणि नवा टाळकरी घसरतो. शिवाय कर्ण्यातून बाहेर पडलेला इको माईकमध्ये परत शिरला की माईक लवकर शिट्टी मारतो. मग साउंडवाला बुवांचा आवाजच कमी करतो. इको तसाच राहतो.

दुसरा आक्षेप परंपरेचा. आपली देवळे घुमतात, गाभाऱ्यातला ओंकार घुमतो, विजापूरच्या गोलघुमटात एक टाळी अनेकदा परत येते आणि माणसे ते ऐकायला मुद्दाम जातात. मग मांडवात तेच आणले तर काय बिघडले? गाभाऱ्याचे घुमणे आणि डिले या वेगळ्या गोष्टी आहेत. दगडी गाभारा लहान असतो. आवाज चारी भिंतींवरून काही मिलिसेकंदांत परततो, हजारो बारीक प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात आणि लवकर विरतात. कानाला ते आवाजाचे भरणे वाटते, वेगळा शब्द पुन्हा ऐकू येत नाही. ते हवे असेल तर प्रोसेसरवर रिव्हर्ब असतो. एक-सव्वा सेकंदाचा, हलका, खालचे सूर कापलेला. गोलघुमटाची गोष्ट तर माझ्याच बाजूने बोलते. त्या घुमटाखाली टाळी वाजवायला लोक जातात, प्रवचन ऐकायला कुणी जात नाही. सिनेमाच्या आणि अल्बमच्या गाण्यांत इको असतो, हाही मुद्दा निघतो. असतो, पण तिथे ध्वनिमुद्रकाने तो ओळीच्या शेवटी, मोकळ्या जागेत सोडलेला असतो, त्यातले उंच सूर कमी केलेले असतात, आणि ऐकणाऱ्याच्या खोलीत दुसरे तीन कर्णे आणि एक डोंगर नसतो.

हळदीच्या बाबतीत मात्र मी थोडी सूट देतो. नाचासाठी वाजणाऱ्या बेंजोला इको शोभतो. तुटक वाजणाऱ्या तारेला त्यामुळे लांबी मिळते आणि दोन फटक्यांमधली जागा भरते. पण तिथेही मिक्सआधी वेळ जुळवली पाहिजे. लय मिनिटाला १२० ठोक्यांची असेल तर एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा. ६०,००० ला ठोक्यांनी भागले की आकडा मिळतो. डिले ५०० किंवा त्याचा निम्मा, २५० ठेवला की प्रतिध्वनी ढोलावरच पडतो आणि तो जास्त असूनही जड वाटत नाही. आकडा ४३० सारखा अधलामधला राहिला की प्रत्येक फटक्यामागे आणखी एक घसरता फटका ऐकू येतो, आणि ते झाकायला आवाज वाढवला जातो. टॅपचे बटण असेल तर पायाने दोनदा ठोका दिला की यंत्र स्वतःच वेळ धरते. एवढे करून मिक्स ३० च्या आसपास ठेवला तरी बेंजो भरून वाजतो. गिटारवाल्यांनी आणखी एक पाहावे. डिस्टॉर्शनच्या आधी डिले लावला तर डिस्टॉर्शन मोठा आवाज दाबते आणि लहान वर आणते, म्हणून पट्टीवर कमी दिसणारा इको बाहेर मोठाच निघतो. डिले नंतर लावावा. पण त्याच हळदीत धवलारीण धवले म्हणायला बसते तेव्हा सूट संपते. आगरी लग्नात प्रत्येक विधीचे शब्द तिच्या तोंडी असतात. नाती, देव, मांडव, वाटा, सगळे त्या गाण्यात येते. हे लिहून ठेवलेले थोडे आणि ऐकून शिकलेले जास्त. माईकवरून ते अर्धवट ऐकू आले तर शेजारी बसलेली तरुण मुलगी ते शिकणार कशी? पुढच्या पिढीकडे ही गाणी जाण्याचा जो एक मार्ग उरला आहे, त्यावर आपणच बटण फिरवून चिखल करतो. या एका गोष्टीसाठी मी भांडायला तयार आहे: धवल्यांच्या माईकला इको शून्य.

तिसरे म्हणणे असे की इको ही बारीक गोष्ट, खरा प्रश्न दणदणाटाचा. दणदणाटाचा प्रश्न मोठा आहे यात शंका नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत: रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई. पण हे दोन प्रश्न एकमेकांना बांधलेले आहेत. शब्द कळत नाही म्हणून मागून ‘आवाज वाढवा’ अशी हाक येते, आवाज वाढवला की प्रतिध्वनीही तेवढाच वाढतो, शब्द तरीही कळत नाही, आणि पुन्हा हाक येते. शेवटी अॅम्प्लिफायर टोकाला जातो. तिथे मूळ आवाजाचे शिखर कापले जाते, प्रतिध्वनी मात्र खाली असल्यामुळे शाबूत राहतो; म्हणजे दुपारी चार वाजता रिकाम्या मांडवात हळू आवाजात ठरवलेला मिक्स रात्री नऊ वाजता आपोआप वर गेलेला असतो. इको उतरवला तर कमी आवाजातही शब्द पोचतो. आवाज कमी करा असे सांगून कुणी ऐकत नाही. आधी इको कमी केला, तर आवाज वाढवायची गरजच पुष्कळदा राहणार नाही.

हे घडवायला कायदा नको, सप्ताह समितीने आणि लग्नघराने साउंडवाल्याशी सुपारीच्या वेळी बोलून घेतले तरी होईल. मिक्सर मंचाच्या बाजूला, कर्ण्यांच्या मागे ठेवला की ऑपरेटरला बाहेर काय ऐकू येते ते कळतच नाही; केबल लांब घेऊन त्याला श्रोत्यांमध्ये बसवावे. निवेदन, कीर्तन आणि प्रवचनाच्या माईकचा इको चॅनेलवरच पूर्ण बंद ठेवावा. अभंगाला हलका रिव्हर्ब, आणि डिले हवाच असेल तर एकच पुनरावृत्ती, साध्या पट्टीवर १० ते १५. तपासणीसाठी ‘हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण ते सगळ्यांना पाठ असते आणि न कळताही कळल्यासारखे वाटते. त्याऐवजी देणगीदारांची यादी वाचावी. नाव, वाडी आणि रक्कम. शेवटच्या रांगेत आणि लांबच्या कर्ण्याखाली वही घेऊन एकेक माणूस बसवावा, त्याने ऐकले तसे लिहून घ्यावे. दहा नावांतली आणि रकमांतली जी चुकतील ती मोजावीत, इको उतरवावा आणि दुसरी दहा नावे वाचावीत. पाचशे एक आणि पंचवीसशे एक यांत ज्या मांडवात गोंधळ होतो, तिथे अभंगाच्या चौथ्या चरणाचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. मुरबाड तालुक्यात पौष पौर्णिमेच्या सुमारास म्हशाची जत्रा भरते, गुरांचा बाजार भरतो, दूरदूरची माणसे येतात. अशा गर्दीत ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या पोराचे नाव, अंगातल्या सदऱ्याचा रंग आणि कुठे येऊन भेटायचे ते पुकारावे लागते. त्या माईकवर तर इकोचे बटण शून्यावर चिकटपट्टी लावूनच ठेवावे आणि जत्रा उठेपर्यंत ती पट्टी कुणी काढू नये.